बगॅसच्या लांब बेल्टची परतीची वाट वळवताना

आमच्या साखर कारखान्यातला बगॅसचा, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचा, बेल्ट दर हंगामात एकदा तरी धूर काढायचा. जानेवारीत ऊस जोरात असतो, यार्डात बगॅसचा ढीग छातीच्या वर गेलेला असतो, आणि रात्री अडीच-तीनला बॉयलरवरून पोरगं पळत यायचं. "मामा, वरचा बेल्ट घसरायलाय, जळका वास यायलाय." वर जाऊन बघावं तर हेड पुली, म्हणजे वरच्या टोकाची मोटरवर फिरणारी पुली, गरगर फिरतेय आणि बेल्ट जागचा हलत नाही. खाली शेकडो टन वाळलेलं बगॅस आणि वर तापलेलं रबर. ज्यानं एकदा यार्डाला लागलेली आग बघितली, त्याला त्या वासानं झोप लागत नाही.

मोटर बदलून झाली, पुलीला नवीन लॅगिंग, म्हणजे रबराचं आवरण, चढवलं, तरी दुखणं तेच. मूळ होतं तिथून साठ मीटरवर, परतीच्या बाजूला, म्हणजे माल टाकून खालून परत येणाऱ्या पट्ट्यावर. टेक-अपचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं, वजन बरोबर यार्डाच्या मध्यात लटकत होतं. ढीग वाढला की वजनाची पेटी बगॅसवर टेकायची. टेकली की ताण गेला, ताण गेला की पुलीची पकड गेली. दोन माणसं फावडी घेऊन पेटीखालचं बगॅस उकरायची, तासाभरात पुन्हा तेच. शिवाय त्या पेटीच्या कुंपणामुळं आगीच्या बंबाला यार्डाच्या मागच्या अंगाला जाता येत नव्हतं. मला घसरण्याइतकीच त्याची काळजी होती.

म्हणून मागच्या ऑफ सीझनला आम्ही तो लूप, म्हणजे वजनाच्या पुलीखालून जाणारा बेल्टचा लोंबता वळसा, तिथून काढला आणि परतीची वाट वळवून टेक-अप वर, हेड पुलीच्या लगेच मागं नेला. ज्या पोरांना असं काम अंगावर घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सगळं सांगतो, आमची चूक कुठं झाली तेही.

आधी बेल्ट डोळ्यापुढं आणा. पट्टा ८०० मिलिमीटर रुंद, तीन प्लायचा, म्हणजे आत कापडाचे तीन थर. मागच्या टोकाच्या टेल पुलीपासून हेड पुलीपर्यंत ११० मीटर. सुरुवातीचे ५५ मीटर यार्डावरून सपाट, जमिनीपासून चार मीटर उंचीवर. मग ४५ मीटरची चढण, त्यात आठ मीटर उंची चढते. शेवटचे दहा मीटर पुन्हा सपाट आणि तिथं बॉयलरच्या डोक्यावर मोटर, गिअरबॉक्स, हेड पुली. मोटर २० एचपीची, बेल्टचा वेग सेकंदाला १.६ मीटर. आमचं गाळप दिवसाला अडीच हजार टनांचं, आणि उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघतं, म्हणजे तासाला तीसेक टन माल. त्यात निम्मं तर पाणीच असतं.

बरेच जण परतीच्या बाजूला "रिकामी बाजू" म्हणतात आणि तिच्याकडं बघत नाहीत. माल तिच्यावर नसतो हे खरं. पण पुलीनं बेल्ट ओढायचा असेल तर पुलीतून सुटणाऱ्या बाजूला ताण लागतोच. विहिरीवर दोर ओढताना रहाटाच्या दुसऱ्या बाजूचा दोर ढिला सोडला तर काय होतं ते आठवा. तो ढिल्या बाजूचा ताण किती हवा, हे काढल्याशिवाय एकही बोल्ट खोलू नका.

हिशेब अवघड नाही. २० एचपी म्हणजे १५ किलोवॅट. गिअरबॉक्सचा तोटा धरून साडेतेरा हाती येतात. त्याला १.६ नं भागलं की ओढ येते साधारण ८६० किलोची. रबर चढवलेल्या पुलीला बेल्टचा वेढा अर्धा, म्हणजे १८० अंश असेल, तर ओढणाऱ्या बाजूचा ताण ढिल्या बाजूच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, त्यापुढं बेल्ट घसरतो. म्हणजे ढिल्या बाजूला ४३० किलो हवेत. तोच वेढा स्नब पुली, म्हणजे बेल्ट हेड पुलीवर जास्त गुंडाळणारी छोटी पुली, लावून २१० अंशांवर नेला तर पट ३.६ वर जाते आणि ३३० किलोत भागतं. स्नबमुळं बेल्टवरचा शंभर किलो ताण कायमचा उतरतो. आमच्याकडं स्नब होती, पण कोणीतरी कधीतरी बेअरिंग गेलं म्हणून ती काढून ठेवलेली. पहिलं काम ती परत बसवायचं केलं.

टेक-अपच्या पुलीवर बेल्टचे दोन पदर येतात, म्हणून वजन दुप्पट लागतं. ३३० चे दुप्पट ६६०. त्यात पुली, शाफ्ट, फ्रेम, पेटी सगळं धरायचं.

आता आमची चूक. जुनी पेटी पुलीसकट ५४० किलोची होती आणि यार्ड साफ असताना त्या वजनावर बेल्ट नीट चालायचा. मीच म्हणालो, जागा बदलली तरी बेल्ट तोच, मोटर तीच, वजनही तेच लावा. रिकामा बेल्ट छान फिरला. जुनं बगॅस टाकून लोड दिला तर दहाव्या मिनिटाला घसरला. ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पुन्हा समोर. रात्रभर डोक्यात तेच. सकाळी कागदावर मांडल्यावर उलगडलं. जुन्या जागी लूप चढणीच्या पायथ्याला होता. वरून खाली येणाऱ्या परतीच्या पट्ट्याचं स्वतःचं वजन, मीटरला साडेनऊ किलो आणि उंची आठ मीटर, म्हणजे ७६ किलो, वरच्या पुलीला आयतं ओढत होतं. वाटेतल्या रोलरांचं घर्षण वजा जाता साठ किलो तरी ती उतरण स्वतः देत होती. वर नेल्यावर टेक-अप हेडच्या शेजारी आला, ती मदत संपली. सगळा ताण आता पेटीनंच द्यायचा. साठचे दुप्पट १२०, आणि ५४० अधिक १२० म्हणजे बरोबर ६६०. जुन्या मिलच्या भंगारातले ओतीव तुकडे मोजून पेटीत भरले, आणि त्यानंतर बेल्ट घसरलेला नाही. सपाट बेल्टवर हा प्रश्न येत नाही. चढणीच्या बेल्टवर टेक-अप वरखाली हलवलात तर वजन नव्यानं काढा.

जागा निवडताना चार मीटर तरी खाली मोकळं हवं. वजनाला उतरायला किती जागा लागते त्याचा आमचा अंदाज असा: कापडी बेल्ट ताणतो, म्हणून दोन टोकांमधल्या अंतराच्या दोन टक्के. ११० मीटरला सव्वादोन मीटर. सुरुवातीला वजन वर ठेवायचं, म्हणजे लूप १.२ मीटर खोल, आणि शेवटची मर्यादा साडेतीन मीटर.

नव्या लूपसाठी दोन बेंड पुल्या लागतात, बेल्ट एकीवरून खाली उतरतो आणि दुसरीवरून वर येतो. परतीच्या बाजूला बेल्टचं मळकं तोंड खाली असतं हे विसरू नका. त्यामुळं दोन्ही बेंड पुल्यांना मळकी बाजू लागते, टेक-अपच्या पुलीला स्वच्छ बाजू. ओल्या बगॅसचा बारीक भुगा गुळाच्या हातानं लावल्यासारखा पुलीला बसतो, एका बाजूला जाड झाला की पुली जणू शंकूची होते आणि बेल्ट सरकायला लागतो. टेक-अप हेडच्या जवळ आणला की हा त्रास वाढतो, कारण मधल्या पन्नास मीटरमध्ये जो भुगा झडून जायचा तो आता थेट पुलीवर येतो. हेडवर भुगा खरवडणारे स्क्रॅपर दोन लावा, एक पुलीच्या पोटावर आणि दुसरा स्नबच्या पुढं. आणि लूपच्या आधी स्वच्छ बाजूवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा रबराचा नांगर टाका, नाहीतर वरून सांडलेलं बगॅस लूपच्या पोटात पडून टेक-अपच्या पुलीत चिरडलं जातं.

पुलीचा व्यास वाचवू नका. स्टोअरमध्ये २०० मिलिमीटरची एक पुली पडून होती, ती बेंडला वापरा असा आग्रह झाला. मी नाही म्हणालो, ३१५ च्या मागवल्या. त्यामागं एक आठवण आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात आमच्या भागात ऊसच नव्हता. बेल्ट कित्येक महिने एका जागी, पूर्ण वजनावर ताणलेला, उन्हात उभा. चालू केला तेव्हा लहान पुलीवर जिथं तो वाकून राहिला होता तिथंच आडव्या भेगा. पुली जितकी लहान तितका पट्टा वाकतो, आणि जोड आधी उकलतो. तेव्हापासून कारखाना बंद झाला की वजन चेन ब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, उचलून पिना घालून ठेवतो.

आता खांब. नव्वद अंशात वळणाऱ्या प्रत्येक बेंड पुलीवर ताणाच्या १.४ पट, म्हणजे ४६५ किलो तिरका जोर येतो. मोटर सुरू होताना त्याहून जास्त. हा जोर जुन्या गॅलरीच्या चॅनेलवर टाकू नका, ती गॅलरी बेल्ट आणि माल पेलायला बांधलेली असते. आम्ही जमिनीतून दोन नवे खांब उठवले आणि जुन्या ट्रेसलला, म्हणजे गॅलरीच्या आधाराच्या सांगाड्याला, ब्रेसिंगनं बांधले. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर फाउंडेशन टाकलं तर खांब वर्षात दोनदा हलेल आणि त्याच्याबरोबर पुली. मुरूम लागेपर्यंत खणा. आमच्याकडं सात फुटांवर लागला. खड्ड्यात काळी माती परत भरू नका, मुरूमच भरून धुम्मसानं ठोका.

बेल्ट उघडायच्या दिवशी घाई नको. मेन स्विच बंद, फ्यूज काढून वायरमनच्या नव्हे, आपल्याच खिशात, स्विचला कुलूप आणि पाटी. चढणीच्या बेल्टचा जोड उघडताना खरा धोका विजेचा नसून उतरणीचा असतो. जोड सुटला की दोन्ही पदर स्वतःच्या वजनानं खाली धावतात. मी तरुण असताना एका कारखान्यात नुसत्या दोरानं बांधलेला बेल्ट सुटलेला बघितला आहे. पंचेचाळीस मीटर पट्टा सापासारखा सळसळत खाली गेला, पत्र्याचं रेलिंग कापत. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हतं. तो आवाज अजून कानात आहे.

त्यामुळं क्लॅम्प. वरचा पदर आणि परतीचा पदर, दोन्हींना वेगळा. बेल्टच्या वर-खाली रुंदीहून एक वीत लांब अशी चॅनेलची जोडी, मधे सागाची फळी किंवा जुन्या बेल्टचा तुकडा, दोन्ही टोकांना बोल्ट, आणि क्लॅम्प थेट ट्रेसलच्या खांबाला वायर रोपनं बांधलेला. गॅलरीच्या हँडरेलला नाही. मग वजन चेन ब्लॉकनं उचलायचं, पिना घालायच्या, बेल्ट ढिला पडला याची हातानं खात्री करायची, आणि मगच जोडाला सुरी लावायची.

वेल्डिंग यार्डावर असेल तर पस्तीस फुटांच्या घेरातलं बगॅस झाडून पाणी मारा, खाली ओलं पोतं धरून एक माणूस उभा करा, आणि काम संपल्यावर तासभर तो तिथून हलता कामा नये. बगॅस वरून विझलेलं दिसतं आणि आत धुमसत राहतं.

पुल्या चौरस बसवणं हे या सगळ्या कामाचं काळीज आहे. बाकी चूक निभावते, ही निभावत नाही. आम्ही असं केलं. हेड पुलीच्या आणि टेल पुलीच्या रुंदीचा मध्य काढून दोन्ही मध्यांना ओळंबे सोडले आणि गॅलरीखालून पियानो तार ताणली. ती मधली रेघ. नव्या बेंड पुलीचा मध्य तारेवर आणला. मग पुलीच्या दोन्ही कडांना खडूनं खूण केली, तारेवर दहा फूट पुढं एक गाठ मारली, आणि गाठीपासून दोन्ही खुणांचं अंतर मोजलं. डावीकडचं तीन मिलिमीटर जास्त आलं. प्लमर ब्लॉकचे, म्हणजे बेअरिंगच्या घराचे, बोल्ट ढिले करून जॅक स्क्रूनं उजवी बाजू तीन मिलिमीटर मागं घेतली आणि परत मोजलं. आता मध्य हलला होता. तो आणला, परत अंतर मोजलं. असं पाच वेळा. टेप दर वेळी त्याच माणसानं, तेवढ्याच ओढीनं धरायचा. शेवटी फरक एक मिलिमीटरच्या आत आला. लेव्हल बघायला स्पिरिट लेव्हलपेक्षा पाण्याची नळी बरी, मात्र नळीत बुडबुडा राहू देऊ नका. एका पुलीला आमचा अर्धा दिवस गेला. साहेब दोनदा येऊन बघून गेले, पण घाई करा म्हणाले नाहीत, त्याचं मला आजही समाधान वाटतं.

जुन्या जागेकडंही बघायचं. लूप काढल्यावर तिथं बेल्ट सरळ जातो, त्याला तीन-तीन मीटरवर परतीचे रोलर द्या. आणि चढणीच्या पायथ्याला, जिथं बेल्ट खोलगट वळण घेतो, तिथं ताणामुळं तो रोलर सोडून वर उचलला जातो. वरून एक दाब रोलर टाका, तो स्वच्छ बाजूला लागतो म्हणून मळत नाही.

बेल्टची लांबी कापण्याआधी दोघांनी वेगवेगळी मोजा आणि आकडे जुळले तरच कापा. आमचा जुना लूप तीन मीटर खोल होता, म्हणजे सहा मीटर पट्टा त्यात होता. नव्या लूपला सुरुवातीला २.४ मीटर. उरले ३.६. त्यातून जोडाला लागणारी लांबी वजा करायची: तीन प्लायच्या जोडाला दोन पायऱ्या, २०० मिलिमीटरच्या, आणि तिरका काप ३२०, म्हणजे ७२ सेंटिमीटर. कापायचे २.९ मीटरच्या जरा आत. ही वजाबाकी विसरून नवा बेल्ट आखूड केलेले लोक मला माहीत आहेत.

जोड गरमच मारा. परळीला औष्णिक वीज केंद्रात कोळशाचे लांब बेल्ट आहेत, त्यामुळं त्या बाजूला या कामाचे हात तयार झालेत. आमचा जोड मारायला तिकडचीच टोळी आली. साधारण १४५ अंशांवर प्रेस धरतात, आणि प्रेस गार होईपर्यंत उघडत नाहीत. बघणाऱ्यानं फक्त एक लक्षात ठेवायचं, जोडाची वरची कड स्क्रॅपरच्या पात्याला उलटी येता कामा नये, नाहीतर पातं पहिल्या आठवड्यात ती उचकटतं.

बेल्ट चालू करताना आधी बटण दाबून लगेच सोडा, असं चार-पाच वेळा, प्रत्येक पुलीपाशी माणूस उभा करून. मग रिकामा चालवा. बेल्ट सरकला तर एकच नियम, ज्या बाजूच्या रोलरला बेल्ट आधी भिडतो त्या बाजूला तो जातो. म्हणून जिथं सरकलेला दिसतो तिथला रोलर हलवू नका, त्याच्या आधीचे दोन-तीन बघा. एका वेळी एकच रोलर, दोन-तीन मिलिमीटर, मग थांबा. आमचा पट्टा जवळजवळ २३० मीटरचा, एका फेरीला अडीच मिनिटं लागतात. तीन फेऱ्या झाल्याशिवाय दुसरा पाना लावायचा नाही. हेल्पर पोरं अर्ध्या फेरीत तीन रोलर हलवतात आणि मग कोणता कशामुळं सुधारला तेच कळत नाही. बेंड पुल्यांना तर हातच लावू नका, त्या तारेवर बसवलेल्या आहेत.

वजनाखाली माणूस जाणार नाही असं सहा फुटी जाळीचं कुंपण घाला, आणि पेटीला वरून साखळी बांधा, जरा ढिली, म्हणजे बेल्ट तुटला तर पेटी अडेल. बेल्ट थांबला की मोटर बंद करणारा झिरो स्पीड स्विच टेल पुलीवर बसवा. हेडवर लावला तर बेल्ट घसरतानाही पुली फिरतेच आणि स्विचला सगळं ठीक वाटतं. ओढली की बेल्ट थांबवणारी पुल कॉर्डची दोरी नव्या लूपपर्यंत वाढवा.

खांबावर लाल रंगानं तीन खुणा मारल्यात: सुरुवातीची जागा, खालची मर्यादा, आणि मर्यादेच्या फूटभर वर "साहेबांना कळवा". शिफ्टचा ऑइलमन रोज वजन कुठं आहे ते वहीत लिहितो. दसऱ्याला बॉयलर पेटला, दिवाळीनंतर मोळी पडली, आता गाळपाचा तिसरा महिना चालू आहे. बेल्ट जुना म्हणून आधीच ताणलेला, त्यामुळं वजन पहिल्या खुणेपासून चार बोटंच उतरलंय. खाली, जिथं जुनी पेटी होती, तिथून आता आगीचा बंब थेट मागच्या भिंतीपर्यंत जातो. गेल्या महिन्यात रिकामा नेऊन बघितला, वळायलाही जागा पुरली.